मदत हवी आहे: जीएलपीआयमधली पीसींची यादी ताळ्यावर कशी ठेवता?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या लॅब आणि ऑफिसच्या पीसींची नोंद आम्ही जीएलपीआय १० या संगणकांची यादी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो, सगळीकडे त्याचा एजंट (मशीनची माहिती आपोआप पाठवणारा छोटा प्रोग्राम) टाकलाय. ब्रँडेड मशीनचं काही दुखणं नाही. घोळ असेम्बल केलेल्यांचा. बायॉसमध्ये सिरियल नंबरच्या जागी नुसतं 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' (म्हणजे कंपनीने भरायचं राहिलेलं), मग दोन वेगळी मशीनं एकाच नोंदीत शिरतात. तो मजकूर ब्लॅकलिस्टमध्ये (जुळवताना दुर्लक्ष करायच्या गोष्टींच्या यादीत) टाकला, तर आता मदरबोर्ड बदलला की यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) बदलतो आणि त्याच पीसीची दुसरी नोंद उभी राहते. मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर) जुळवावं, तर यूएसबी लॅन अडॅप्टर या लॅबमधून त्या लॅबमध्ये फिरत असतात (कोण नेतं, देव जाणे).

त्यात निर्लेखित झालेले (मोडीत काढलेले) पीसी यादीतून हलत नाहीत. शेवटच्या इन्व्हेंटरीच्या तारखेने गाळले, तर सुट्टीत बंद असलेली लॅबही गळते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून प्राचार्य सारखं विचारतात, "अजून किती राहिले?"

डेडस्टॉक रजिस्टरचा (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतला) नंबर कुणी एजंटच्या टॅगमध्ये (आपल्याला हवा तो मजकूर टाकायच्या जागेत) भरून वापरतं का? जुळवणीच्या नियमांचा क्रम काय ठेवलाय? स्क्रीनशॉट मिळाला तर उत्तमच. एक्सेलचा सल्ला कृपया नको, तिथूनच आलोय.