काचेआडचे दागिने : आपले अनुभव

जुना दागिना मोडून नवा घडवणे आपल्या घरांत नित्याचे असल्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची घडण पाहायची तर बहुधा संग्रहालयच गाठावे लागते. सांगली-सातारा भागातील ज्या मंडळींनी हिऱ्यांचे वा दागिन्यांचे संग्रहालय पाहिले आहे, त्यांनी मनात राहिलेली एखादी वस्तू येथे सविस्तर लिहावी, ही विनंती.

विटा
खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबांप्रमाणे आमचाही व्यवसाय गलाईचा, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, आणि त्यासाठी माझी बरीच वर्षे दिल्लीत गेली. २०१९ साली राष्ट्रीय संग्रहालयात निजामाचे दागिने मांडले होते, ते मी दुकान बंद ठेवून पाहिले. भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना घेतलेल्या या १७३ दागिन्यांत जेकब हिरा आहे. वजन जवळजवळ १८५ कॅरट, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम. हा हिरा शेवटच्या निजामाला वडिलांच्या बुटात सापडला आणि पुढे त्याने तो कागदांवर ठेवायला वापरला, असे सांगतात. गर्दी त्याच्यापुढेच होती. मी मात्र कुंदनकामापाशी थांबलो, कारण अशा दागिन्याच्या पाठीवर, जी बाजू अंगाला लागते आणि कोणाला दिसत नाही तिच्यावरही, कारागीर मीनाकाम करतो. आमच्या मुशीत ठुशी, तोडे, वाक्या सारख्याच वितळतात. सोन्याचा कस हाती येतो, घडण नाहीशी होते. ती अशी किती घडण माझ्या हातून गेली, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले.

मिरज
मुलीकडे गेलो असताना ॲमस्टरडॅमचे हिरे संग्रहालय पाहिले. जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल तयार झालेला कार्बनचा हा खडा ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर वर येतो आणि त्याला पैलू पाडायला शेवटी हिऱ्याचीच पूड लागते, ही माहिती तेथे मनावर ठसली. १८५२ साली लंडनमध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडण्यासाठी याच शहरातून कारागीर नेले होते. चकाकी वाढावी म्हणून सुमारे १९० कॅरटचा तो हिरा १०५.६ कॅरटवर आणला. मोडीची हौस आपल्यालाच आहे, असे नाही.

कराड
दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मोहेंजोदडोचा हार अवश्य पाहावा. फाळणीच्या वाटणीत त्याचे मणी दोन देशांत विभागले गेले. आपल्याकडे आहे तो अर्धाच.

सांगली
वरील विट्याचा अनुभव वाचून कपाटातील आजीची ठुशी बाहेर काढली. दोरा कुजला आहे, चार मणी चेपले आहेत. दुकानात मोडीचा भाव सांगितला, गाठून द्यायला मात्र कोणी तयार नाही. मणी न बदलता रेशमात ओवून देणारा पटवेकरी सांगली-मिरजेत किंवा तासगावकडे कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.