आजाऱ्यासाठी प्रार्थना: विनंती करायची की हुकूम द्यायचा?

मोहरी: सर्वांना सलाम. कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) काही जण ‘येशूच्या नावात, तापा, नीघ!’ असा हुकूम देतात. काहींचं म्हणणं, आपण फक्त मागायचं, हुकूम प्रभूचा. बायबलात लूक १०:१९ मध्ये शत्रूच्या बळावर अधिकार दिल्याचं तर स्पष्ट आहे. मग तो रोजच्या जगण्यात वापरायचा कसा आणि कुठवर? वचनासह सांगा.

तारू: शास्त्रात दोन्ही आहे, पण क्रम बघा. प्रेषितांची कृत्ये ९:४० सावकाश वाचा. टबीथा नावाची शिष्या मेलेली आहे. पेत्र सगळ्यांना खोलीबाहेर काढतो, गुडघे टेकतो, प्रार्थना करतो आणि मग शरीराकडे वळून ‘ऊठ’ म्हणतो. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशूसुद्धा आधी पित्याचे आभार मानतो, मग हाक मारतो. उलट प्रेषितांची कृत्ये २८:८ मध्ये पुब्ल्य नावाच्या माणसाच्या वडिलांना ताप आणि हगवण असताना पौल प्रार्थना करून हात ठेवतो, हुकमाचा शब्द नोंदलेलाच नाही. म्हणजे ठरीव मंत्र नाही.

लूक १०:१९ मध्ये आपल्यासाठी ग्रीक शब्द ‘एक्सूसिया’ आहे, म्हणजे सोपवलेला अधिकार. शत्रूच्या बळासाठी ‘दुनामिस’ हा वेगळा शब्द. मुखत्यारपत्रासारखं समजा: सही चालते ती मालकाच्या नावावर, आणि दिलेल्या कामापुरतीच. येशूकडे आलेल्या शताधिपतीला (रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला) हे नेमकं कळलं होतं. ‘मीही अधिकाराखालचा माणूस आहे’ असं तो आधी सांगतो (मत्तय ८:९).

दिवटी: ‘कुठवर’ याबद्दल. इफिसकरांस २:६ आपल्याला ख्रिस्ताबरोबर स्वर्गात बसवतं आणि चौथ्या अध्यायात तेच पत्र खोटं बोलणं, सूर्य मावळेपर्यंत धरलेला राग आणि चोरी यांवर येतं. पहिला ताबा आपल्या जिभेवर. घरात मूल घाबरून उठत असेल तर आधी नवरा-बायकोचा अबोला मिटवा, कारण १ पेत्र ३:७ प्रमाणे प्रार्थना तिथेच अडते. मग स्तोत्र ९१ मोठ्याने वाचा, डोक्यावर हात ठेवून नेहमीच्या आवाजात दोन-तीन वाक्यांत प्रार्थना करा. ओरडल्याने मूल आणखी घाबरतं.

याकोब ४:७ चा मागचा अर्धाच भाग लोक पाठ करतात. ‘देवाच्या अधीन व्हा’ हे आधी, ‘सैतानाला अडवा’ नंतर. आणि ‘मी नवऱ्याची दारू बांधते’ असली वाक्यं सोडा. मत्तय १८:१८ मधलं बांधणं-सोडणं हे चुकलेल्या भावाला आधी एकांतात, मग एक-दोघांसह, मग मंडळीपुढे समजावण्याच्या संदर्भातलं आहे. दुसऱ्याच्या इच्छेवर हुकूम चालवायला ते दिलेलं नाही.

वसईकर: कॅथलिक बाजू. स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) क्रिस्मा या पवित्र तेलाने अभिषेक होतो तो याजक, संदेष्टा व राजा ख्रिस्ताशी जोडणारा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये प्रापंचिकांचा (धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांचा) हा वाटा स्पष्ट मांडला. आई मुलाच्या कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद देऊ शकते. बाळ मरणाच्या दारात असेल आणि धर्मगुरू नसतील तर कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो: डोक्यावर तीनदा साधं पाणी ओतायचं आणि ओततानाच पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देतो असं म्हणायचं. घाबरून लोक चुकतात ते इथे: पाणी एक ओततो, शब्द दुसरा म्हणतो. दोन्ही एकानेच करायचं. नंतर चर्चमध्ये कळवून नोंद करा. भूतबाधेचा विधी मात्र बिशपांची परवानगी असलेल्या धर्मगुरूंचाच.

तारू: बरं झालं नाही तर आजाऱ्याच्या विश्वासाला दोष देऊ नका. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावात आजारीच ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). इन्सुलिन, फिटच्या गोळ्या प्रार्थनेनंतर बंद करायला सांगणं हा तर जिवाशी खेळ आहे, ते कुणी सांगितलं तर तिथेच थांबवा.

मोहरी: आभार. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, ते तेल कुठलं घ्यायचं?

दिवटी: त्या काळी जैतुनाचं. घरात खोबरेल असेल तर तेही चालेल, बोट बुडवून कपाळाला लावण्याएवढं पुरे. पण वचनात मंडळीच्या वडिलांना बोलावतो तो आजारी माणूस स्वतः. त्याला विचारल्याशिवाय दहा जण खाटेभोवती उभे राहू नका.