'कम्युनिटी ऑर्गनायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ: भाचीला मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून समाजकार्यात एमए करायचंय, 'कम्युनिटी ऑर्गनायझेशन अँड डेव्हलपमेंट प्रॅक्टिस'. शिष्यवृत्तीचा अर्ज मराठीत हवाय. मी 'समाज संघटन व विकास' लिहून दिलं. ट्रस्टचे आजोबा म्हणाले, "कुठल्या समाजाचं?" आमच्या गुहागरात समाज म्हणजे जातच: कुणबी समाज, भंडारी समाज. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ: समुदाय संघटन. मराठीत शब्द असताना उगाच इंग्रजी कशाला?

माडाखाली: समुदाय कीर्तनाला जमतो हो, 'भक्तसमुदाय'. आमच्याकडे 'गावकी' आहे की, गावाचे निर्णय घेणारी बैठक!

खाडीकाठ: गावकीत बायका कुठे बसतात ते सांगा आधी. पालखी कुणाच्या दारात थांबत नाही, तेही सांगा.

एमेसडब्ल्यूवाली: +१. आम्हाला आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असायचं. तिथे पहिलं हेच शिकलो की गावाच्या वतीने बोलणारा म्हणजे अख्खा गाव नव्हे. आम्ही सगळे सरळ 'सीओ' म्हणायचो. मराठीत म्हणायची वेळच आली नाही.

माडाखाली: मग दोन वर्षं शिकवतात तरी काय? अलिबागजवळ चरीच्या कुळांनी 1933 ते 1939 खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. संपाचे पुढारी नारायण नागू पाटील, त्यांनी कुठली पदवी घेतली होती?

एमेसडब्ल्यूवाली: गंमत म्हणजे टाटांचं 'ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क', म्हणजे आताची टाटा इन्स्टिट्यूट, त्या संपाच्या ऐन मध्यात निघालं, 1936 साली. आणि चरीला सगळे 'संप'च म्हणतात. म्हणजे नाव कामाला पडलं, माणसं जमवण्याला नाही.

शब्दवेल्हाळ: संप म्हणजे मुळात एकी, एकविचार. काम बंद हा अर्थ मागाहून चिकटला. 'संप आणि विकास' लिहा अर्जात!

खाडीकाठ: ट्रस्टवाले पळून जातील.

आचरेकर: पळण्यावरून आठवला. आमच्या गावपळणीक रामेश्वराचो कौल झालो की अख्खो गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीभायर. खंयचो ऑर्गनायझर लागता?

एमेसडब्ल्यूवाली: कौल देवाचा असला तर लागत नाही. पाण्याच्या टाकीसाठी चार वाड्या एकत्र आणायच्या तर लागतो.

माडाखाली: तेच म्हणतोय, मग 'वाडीबांधणी' म्हणा. वाडी 'वाटिके'वरून आलीय.

शब्दवेल्हाळ: घरांची वाडी 'वाड्या'वरून असणार. वाटिका नारळी-पोफळीची.

माडाखाली: दापोलीत दोन्ही एकच. कुणाचा गोंधळ होत नाही.

खाडीकाठ: होतो. आमच्या पुण्याच्या सुनेला "वाडीला पाणी लावून ये" म्हटलं, तर ती शेजाऱ्यांना विचारायला गेली, तुमच्याकडे नळ गेलाय का.