मदत हवी आहे: बंदरावरचे जुने गोदाम स्वयंसेवकांच्या गटाने चालवायला घ्यावे का?

नमस्कार मंडळी,

समुद्रकाठच्या एका छोट्या शहरात आम्ही काही जण स्वयंसेवक म्हणून काम करतो. मासेमारी घटली, बंदरातली मालाची ये-जा थांबली, पर्यटकांचा हंगाम सरला की निम्म्या बाजारपेठेला कुलपे लागतात आणि शिकलेली मुले बाहेर पडतात ती परतत नाहीत. अशा बहुतेक शहरांची हीच कथा असल्यामुळे ती लांबवत नाही. किनारा स्वच्छ करण्यापासून आमचे काम सुरू झाले. पुढे धक्क्यावरचे मोडके कठडे, बंद पडलेले दिवे, वाळूच्या टेकड्यांवरची लागवड असे ते वाढत गेले आणि लोकांचा विश्वास बसला. त्या विश्वासातूनच आजचा प्रश्न उभा राहिला आहे.

धक्क्यालगत एक मोठे दगडी गोदाम आहे. बरीच वर्षे ते बंद आहे. नगरपालिकेने आम्हाला विचारले आहे की नाममात्र भाड्याने, दीर्घ मुदतीच्या कराराने ही इमारत तुम्ही घ्याल का? दुरुस्तीसाठी एकरकमी अनुदान मिळवून देता येईल, पण त्यानंतरचा सगळा भार संस्थेने उचलायचा. खाली होड्या दुरुस्त करण्याची व शिकवण्याची कार्यशाळा आणि वर छोट्या व्यावसायिकांना भाड्याने देण्याच्या खोल्या, अशी आमच्यातील तरुणांची कल्पना आहे. कल्पना मलाही मनापासून आवडते. तरीही सही करायला हात धजत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर मांडतो.

पहिले कारण इमारतीची अवस्था. मूळ भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत, पण नंतर कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला गेला आहे. त्यावर बोटाच्या पेराने ठोकले तर जागोजागी पोकळ आवाज येतो, आणि पोपडा सुटला की मागच्या दगडावर पिठासारखे पांढरे मीठ फुललेले दिसते. मागाहून घातलेल्या काँक्रीटच्या स्लॅबच्या सळया गंजून फुगल्या आहेत व खालचा थर गळून पडतो आहे.

दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या किनारी शहरातील पिअरचे, म्हणजे समुद्रात दूरवर बांधलेल्या धक्क्याचे, उदाहरण या संदर्भात वारंवार वाचायला मिळते. 1872 साली खुला झालेला हा पिअर मोडकळीला आल्यामुळे बंद पडला आणि 2010 च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला. स्थानिक लोकांनी चळवळ उभी केली, सुमारे 3,000 जणांनी सामुदायिक समभाग (शेअर) विकत घेतले, मोठे अनुदान आले आणि 2016 मध्ये तो पुन्हा खुला झाला. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला वास्तुकलेचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच महिन्यात तो चालवणारी धर्मादाय संस्था आर्थिक डबघाईला येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली. 2018 मध्ये पिअर खासगी मालकाला विकला गेला. बांधायला पैसा मिळाला, पण चालवायला पुरला नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. इतक्या जिद्दीच्या लोकांची ही गत झाली असेल, तर आमच्यासारख्या लहान गटाने काय धडा घ्यावा?

तिसरी गोष्ट अंगणाची. गोदामासमोरच्या फरसबंदीवर मच्छीमार जाळी पसरतात, सांधतात आणि होड्या ओढून ठेवतात. त्यांचा हक्क कुठेही कागदावर नाही. शहर सावरावे म्हणून आम्ही झटतो आहोत, आणि त्या सावरण्याची पहिली किंमत त्यांनीच मोजावी हे मला मान्य होणार नाही.

जाणकारांना माझी विनंती अशी आहे की इमारत घ्यावी की न घ्यावी, आणि घ्यायची असल्यास करारात कोणत्या बाबी आधी पक्क्या करून घ्याव्यात, याबद्दल अनुभवाच्या आधारे सांगावे.

प्रतिसाद १

नमस्कार. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे आधी भिंतीबद्दल लिहितो. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून भिंत आत ओली आहे आणि तिला श्वास घेता येत नाही असे दिसते. दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडून वाळते. वरून सिमेंटचा घट्ट थर दिला की ती मागे अडकते, तिच्यातील क्षार गिलाव्याच्या पाठीशी स्फटिक होऊन साचतात आणि त्या दाबाने गिलावाही सुटतो, दगडाचा पृष्ठभागही झडतो. म्हणून पडलेल्या जागी पुन्हा सिमेंट लिंपणे हा उपाय नव्हे. सिमेंट हलक्या हाताने उतरवून, भिंत पुरेशी वाळू देऊन, चुन्याचाच गिलावा करावा लागतो, आणि या वाळण्याला महिनोन्महिने लागू शकतात. अनुदान ठरावीक मुदतीत खर्च करण्याची अट असेल तर इथेच पहिली ओढाताण होईल.

स्लॅबची गोष्ट वेगळी. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचले की पोलादावरचे संरक्षक आवरण तुटते, गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते. वरवरचे प्लास्टर हा दोष झाकते, थांबवत नाही. स्लॅब ठेवायचा की उतरवायचा हे संरचना अभियंत्याने तपासणी करून लेखी सांगेपर्यंत त्याखाली कार्यशाळा तर सोडाच, सभाही घेऊ नये.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. हेस्टिंग्जसोबत इंग्लंडमधल्याच क्लिव्हडन पिअरचाही विचार करावा. विम्यासाठी भारक्षमतेची चाचणी चालू असताना 1970 मध्ये त्याचा काही भाग समुद्रात कोसळला. पुढे तो पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली, 1980 मध्ये सार्वजनिक चौकशी झाली, आणि स्थानिक न्यासाच्या चिकाटीने 1989 मध्ये तो पुन्हा खुला झाला. संपूर्ण काम पुरे व्हायला 1998 उजाडले. तेव्हा लोकांच्या हातात अशी वास्तू टिकत नाही असे नाही. मात्र काळ दशकांत मोजावा लागतो, आणि इतका काळ कोणताही गट केवळ उत्साहावर तग धरू शकत नाही. वसुली, विमा, देखभाल आणि भाडेकरूंची गाऱ्हाणी यांसाठी निदान एक पगारी माणूस पहिल्या दिवसापासून हवा. त्याचा पगार अंदाजपत्रकात बसत नसेल तर ते अंदाजपत्रक खरे नाही असे समजावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की आज दीर्घ मुदतीच्या करारावर सही करू नये. त्याऐवजी मर्यादित मुदतीचा वापर परवाना मागावा. त्या काळात छप्पर, पन्हळी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारे मार्ग मालकाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावेत आणि आपण सुरक्षित ठरलेल्या एकाच भागात छोटी कार्यशाळा चालवून भाडे खरोखर येते का ते पाहावे. पुढे करार केलाच, तर धक्का, समुद्रालगतची संरक्षक भिंत आणि पाया यांची जबाबदारी मालकाकडेच राहील, हे कलम त्यात असायलाच हवे. उधाणात ती भिंत खचली तर तिचा खर्च तुमच्या संस्थेला पेलणार नाही. शिवाय भाड्याच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा दुरुस्ती निधीत वेगळा पडावा आणि त्याला कोणत्याही कारणास्तव हात लागू नये.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त अंगणाबद्दल थोडे लिहितो. परंपरेने चालत आलेला वापर कागदावर नसेल तर इमारत सुधारल्यावर तो सर्वांत आधी हटवला जातो, कारण त्या मोकळ्या जागेला तेव्हाच भाव येतो. म्हणून नकाशावर ती जागा आखून, तिथे जाळी वाळवण्याचा आणि होड्या ठेवण्याचा वापर कायम राहील, हे करारासोबतच लिहून घ्यावे, आणि त्या चर्चेला मच्छीमारांचे प्रतिनिधी स्वतः बसलेले असावेत. तुम्ही त्यांच्या वतीने बोलणे पुरेसे नाही.

दुसरे असे की शहर सावरण्यासाठी इमारत हवीच असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ग्रामस्थांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक येऊ लागले आणि त्यांची राहण्याजेवणाची सोय ग्रामस्थांच्याच घरी होऊ लागली. उत्पन्न हंगामीच आहे, पण ते घराघरांत वाटले जाते आणि डोक्यावर कर्ज किंवा गळके छप्पर राहत नाही. गोदामाच्या नादात तुमची वाळूच्या टेकड्यांवरची लागवड मागे पडू देऊ नका. उधाणाच्या लाटांचा जोर तीच अडवते.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. वापर परवान्याचा पर्याय आमच्या चर्चेत कधीच आला नव्हता. तो आता बैठकीपुढे ठेवतो, आणि त्या बैठकीला मच्छीमारांनाही बोलावतो. अभियंत्याच्या तपासणीचा खर्च मालकाने करावा अशी मागणी आम्ही लेखी करणार आहोत.

एक शंका उरते. परवान्याच्या काळात आम्ही एका भागावर पैसा आणि श्रम खर्च केले आणि पुढे मालकाने इमारत दुसऱ्यालाच द्यायचे ठरवले, तर त्या खर्चाची भरपाई किंवा करारासाठी आम्हाला प्रथम विचारले जाण्याचा हक्क परवान्यातच लिहून घेता येतो का? असा मसुदा कोणी प्रत्यक्ष केला असल्यास त्यातील शब्दरचना कृपया येथे द्यावी.