अनुभव लिहा: लांब पायी चालताना पाणी आडवं आलं तेव्हा

पायपीट : डिसेंबरात हरिहरेश्वर ते जयगड किनाऱ्याने चालायचा बेत आहे. पण मध्ये खाड्याच खाड्या! लांबचं चाललेल्यांनी पाणी कसं ओलांडलं ते लिहा. फोटो नकोत, तपशील हवेत.

सागरगोटा : बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे फेरीबोट आहे, गाड्यासुद्धा जातात. खरी गंमत छोट्या खाड्यांची. ओहोटी बघून मी सरळ घुसलो आणि पिंढरीपर्यंत रुतलो. पाय निघाला, सँडल नाही. पलीकडे कालवं काढणाऱ्या आजी ओरडल्या, "खाजणातनं कुठं येताय? तोंडाकडनं या, तिथं वाळू आहे!" पुढचे अकरा किलोमीटर एका पायात सँडल, एका पायात मोजा.

डेव्हनवाली : इंग्लंडचा साउथ वेस्ट कोस्ट पाथ, माइनहेड ते पूल हार्बर, १०१४ किमी. सुट्ट्या जोडून करतेय, चार वर्षांत निम्मा झालाय. अर्म नदीवर तिथे होडी नाही. ओहोटीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर, तेवढ्यातच पाण्यातून चालत जायचं. मी भरती-ओहोटीचा तक्ता बघून वेळेवर पोचले, तर पाणी कमरेच्या वर! तक्ता ग्रीनिच वेळेचा, आणि उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे. बसले काठावर डिंकाचे लाडू खात.

रेवाकाठ : नर्मदा परिक्रमेत मैया उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. म्हणून मुखाशी विमलेश्वरहून मिठी तलाईला समुद्रातून नावेने जावं लागतं. नाव सुटते भरतीवर, आपल्या सोयीने नव्हे. आम्ही दोन दिवस थांबलो; पहाटे तीनला हाक आली. दाटीवाटीत माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं, ते कुणाचं हे उतरेपर्यंत कळलं नाही. उतरताना गुडघाभर चिखल. नर्मदे हर!

सागरगोटा : @पायपीट, तक्ता नसला तर तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. त्यापुढे साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

पायपीट : म्हणजे अष्टमीला भरदुपारी खाडी रिकामी. तिकीट त्याच बेताने काढतो.

सागरगोटा : अरे नको! अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी; पाणी फारसं ओसरतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला खोल सुकती मिळते, पण सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास. लवकर उठायची सवय कर.