तत्त्वज्ञानाची पदवी आणि पोटापाण्याचा प्रश्न

नौपाडाकर : माझ्या भाचीला बारावीनंतर तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचे आहे. तिचे वडील महापे येथील एका कारखान्यात पर्यवेक्षक असून, या पदवीवर नोकरी कोण देणार, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे. तरीही तिने हा विषय घ्यावा, असे माझे मत आहे. युक्तिवादामागची गृहीतके तपासण्याची सवय वकिलीत, पत्रकारितेत आणि प्रशासनात उपयोगी पडतेच. शिवाय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका आहे आणि तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषयही आहे.

ऐरोलीकर : आयोगाचा हा दाखला फसवा आहे. वैकल्पिक विषय पदवीला असावा लागत नाही. अभियंतेही तत्त्वज्ञान घेतात, कारण त्याचा अभ्यासक्रम तुलनेने आटोपशीर आहे. प्राध्यापकीचे म्हणाल, तर आधी एम.ए., मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, आणि एवढे करूनही अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे काम येते. घराचे हप्ते चालू असलेल्या कुटुंबाला इतकी वर्षे थांबणे परवडेलच असे नाही. युक्तिवादच शिकायचा, तर कायदा शिकावा. निदान वकिलीची सनद तरी मिळते.

कळवेकर : परीक्षेबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे, कायद्याबद्दलचे नाही. कायद्याचा विद्यार्थी मुख्यतः ठरलेल्या चौकटीत युक्तिवाद करतो. ती चौकट का मानावी, हा प्रश्न तत्त्वज्ञानात केंद्रस्थानी असतो. आणि उपयोग म्हणाल, तर गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये सविस्तर मांडलेले तर्काचे बीजगणित अमेरिकी गणितज्ञ व अभियंते क्लॉड शॅनन यांना मिशिगन विद्यापीठातील तत्त्वज्ञानाच्या वर्गात भेटले, १९३७ च्या प्रबंधात त्यांनी ते विजेच्या स्विचमंडलांना लावले, आणि आपल्या ऐरोलीतील कंपन्यांचे संगणक आजही त्याच पायावर चालतात.

ऐरोलीकर : शॅनन यांच्या पदव्या विद्युत अभियांत्रिकीच्या आणि गणिताच्या होत्या. तत्त्वज्ञान त्यांनी जोडीला घेतले होते, म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचे झाले.

नौपाडाकर : जोडीचा मुद्दा मला पटतो, फक्त क्रम उलटाही असू शकतो. बी.ए.नंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ची वाट मोकळी असते, आणि त्या प्रवेशपरीक्षेत तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेवर स्वतंत्र विभाग असतो. भाचीच्या वडिलांपुढे सहा वर्षांच्या खर्चाचा हिशेब ठेवणार आहे. वसतिगृहाचा खर्च नाही, ती ठाण्यातूनच ये-जा करील.