शेक आधी, जेल नंतर
वाळव्याच्या एका ताईंनी लिहिलंय की गुडघेदुखीवर दुखणं कमी करणारं जेल लावून लगेच गरम पिशवी ठेवली की औषध चांगलं मुरतं. कृपा करून असं करू नका. उष्णतेने औषध नको तेवढं शोषलं जातं आणि कातडी भाजते. मिथाइल सॅलिसिलेट (बाममधलं उग्र वासाचं औषध) किंवा कॅप्साइसिन (मिरचीतला तिखट घटक) असलेल्या जेलने तर जास्तच. आधी शेक, कातडी पूर्ण गार झाली की मग जेल, आणि वर घट्ट पट्टी नको.

व्यायामाचं सांगायचं तर, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी 5 सेकंद आवळून धरायची, असं 10 वेळा. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाच्या जेलने ठणका कमी झाला म्हणून लगेच भांगलणीला उकिडवं बसू नका. मांडीत ताकद त्या व्यायामानेच येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जेलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.